नाव-पत्त्याची अनामत

कुठल्याही वर्तमानपत्राचं शेवटचं पान उलटून पाहा. अगदी तळाशी, जाहिरातींच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. हे पत्र अमुक मालकांसाठी तमुक यांनी अमक्या छापखान्यात छापलं आणि तमक्या ठिकाणी प्रसिद्ध केलं, संपादक अमुक. ती ओळ सहसा कोणी वाचत नाही. पण तिच्यामागे मोठा इतिहास आहे. १८६७ साली इंग्रज सरकारनं छापखाने आणि पुस्तकं यांच्या नोंदणीचा कायदा केला आणि छापणाऱ्याचं, प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव-ठिकाण छापणं सक्तीचं झालं. तो कायदा दीडशेहून अधिक वर्षं टिकला. त्याच्या जागी २०२३ साली नवा कायदा संमत झाला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. तळची ओळ मात्र अजून आहे.

या ओळीला दोन बाजू आहेत. कोणी तुमची खोटी बदनामी छापली, तर दाद कोणाकडे मागायची ते ती सांगते. ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू १८९७ साली दिसली. 'केसरी'तल्या मजकुराबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या शेजारी आरोपी म्हणून पत्राचे मुद्रकही उभे होते. मुद्रक सुटले, टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. सरकारला दार शोधत हिंडावं लागलं नाही. पत्ता छापलेलाच होता.

म्हणूनच १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, तेव्हा त्यांनी पत्ता दिला नाही. '४२.३४ मीटरवरून, हिंदुस्थानात कुठून तरी' एवढीच घोषणा व्हायची. यंत्र एका जागेवरून दुसऱ्या जागेत हलवत ते काही आठवडे बोलत राहिले. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी त्यांना पकडलं. 'कुठून तरी' या दोन शब्दांच्या आडोशानं तेवढे दिवस निभावून नेले.

पत्ता छापणारी ओळ आणि पत्ता लपवणारी घोषणा, दोन्ही आपल्याच. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मग नेमका नियम काय? चारचौघांत बोलणाऱ्यानं आपलं नाव-गाव उघड करावं की न करावं, आणि हे ठरवायचं कोणी? हाच प्रश्न इंटरनेटच्या जगात चाळीसहून अधिक वर्षं घोळतो आहे. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

इंटरनेटवर दुकान थाटायचं, मासिक काढायचं किंवा नुसत्या कविता मांडायच्या, तरी आधी एक नाव घ्यावं लागतं. शेवटी डॉट कॉम, डॉट ऑर्ग किंवा डॉट इन असलेलं. त्यालाच डोमेन नेम म्हणतात. गालिब आधी 'असद' या तखल्लुसनं लिहायचे, पुढे 'गालिब' झाले. शायरीत एकाच तखल्लुसचे दोन शायर सुखानं नांदू शकतात. इथे ते चालत नाही. एका डोमेन नेमचा साऱ्या जगात धनी एकच. वर्षाला ठरावीक रक्कम भरून ते ठेवायचं, भरणा थांबला की नाव गेलं. ते नोंदवून देणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. नोंदवताना ती तुमचं नाव, पत्ता, फोन, ई-मेल लिहून घेते. आज जगात अशी ३५ कोटींहून अधिक नावं नोंदलेली आहेत. त्यांच्यामागच्या माणसांचे पत्ते कोणी पाहावेत, हा आपला विषय.

सुरुवात साधी होती. इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अर्पानेट, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून १९६९ साली उभं राहिलेलं जाळं. विद्यापीठं, प्रयोगशाळा, लष्करी कचेऱ्या यांतले संगणक त्याला जोडलेले. या जाळ्याचं माहिती केंद्र कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत होतं आणि १९७२ पासून १९८९ पर्यंत ते सांभाळलं एलिझाबेथ फाइनलर या बाईंनी. रसायनशास्त्राच्या माहितीची सूची करता करता त्या या कामात आल्या. कुठल्या संगणकाचं नाव काय, तो कोणाच्या ताब्यात, त्याच्यावर काय मिळतं, याचा सगळा जमाखर्च त्यांच्या कचेरीत. या जाळ्यावरच्या माणसांची त्यांनी चक्क पुस्तकाच्या रूपात डिरेक्टरी छापली. टेलिफोन डिरेक्टरीसारखी.

मग पुस्तक हाताळण्यापेक्षा संगणकालाच विचारता यावं, म्हणून १९८२ च्या मार्चमध्ये तिथल्या दोघांनी एक छोटी व्यवस्था लिहून काढली. नाव ठेवलं 'हू इज'. म्हणजे 'हा कोण?' तुम्ही नाव टाकायचं, उत्तरात त्या माणसाचा पत्ता, फोन नंबर, ई-मेल यायचा. जाळ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकानं नाव नोंदवावं, अशी विनंती त्या कागदात होती. १९८५ च्या सुधारित कागदात टपालाचा पत्ता मागितला आहे तो 'अमेरिकेतला'. जगात दुसरीकडेही माणसं राहतात आणि ती एक दिवस या यादीत येतील, याचा विचार त्या ओळीत दिसत नाही. काहीशे संगणकांचं ते गाव. एखाद्याचं यंत्र बिघडलं आणि शेजाऱ्याच्या यंत्राला त्रास होऊ लागला, तर रात्री फोन कोणाला करायचा? यादी त्यासाठी होती. चाळीच्या जिन्याखाली लावलेला नावांचा फळा असतो, तसा हा फळा. चाळीतले सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून तो लावायला कोणाची हरकत नसते.

पुढे गाव वाढलं. १५ मार्च १९८५ ला पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं, सिम्बॉलिक्स नावाच्या संगणक कंपनीचं. १९९३ पासून नावनोंदणीचं काम अमेरिकन सरकारच्या वतीनं नेटवर्क सोल्यूशन्स ही खासगी कंपनी पाहू लागली. १९९५ पर्यंत नाव फुकट मिळे. त्या वर्षी सप्टेंबरपासून वर्षाला ५० डॉलर पडू लागले. मग १९९८ साली कॅलिफोर्नियात आयकॅन नावाची ना-नफा संस्था स्थापन झाली आणि नावांचा जगभरचा कारभार हळूहळू तिच्याकडे आला. १९९९ पासून अनेक रजिस्ट्रार नावं विकू लागले.

गाव बदललं, फळा तोच राहिला. उलट आयकॅननं रजिस्ट्रारांशी केलेल्या करारात तो पक्का केला. नोंदणी करणाऱ्याचं नाव आणि टपालाचा पत्ता, शिवाय कारभार पाहणाऱ्याचा आणि तांत्रिक बाजू पाहणाऱ्याचा फोन, फॅक्स, ई-मेल, हे सगळं कोणालाही, विनामूल्य, चोवीस तास दिसलं पाहिजे, अशी अट आली. आणखी एक कलम होतं. ज्याला हवी असेल त्याला ही सगळी यादी एकगठ्ठा द्यायची, त्याचे वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत घ्यायचे. ओळखीच्यांनी ओळखीच्यांसाठी लिहिलेली यादी बाजारात आली ती अशी. ज्यांची नावं त्या यादीत होती, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. नावासाठी अर्ज करताना ज्या लांबलचक अटींखाली आपण 'मान्य' असं टिचकतो, त्यांतच ते लिहिलेलं होतं.

याचा परिणाम २००० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिसला. व्हेरिओ नावाची कंपनी रोज आपले स्वयंचलित प्रोग्रॅम पाठवून आदल्या दिवशी कोणी कोणी नवी नावं घेतली ते उचलायची आणि त्या माणसांना फोन, ई-मेल करून आपली सेवा विकायची. रजिस्टर डॉट कॉम या रजिस्ट्रारनं तिच्यावर दावा लावला. न्यायालयानं व्हेरिओला मनाई केली आणि जानेवारी २००४ मध्ये अपील न्यायालयानंही ती कायम ठेवली. तुमची अट माहिती मिळाल्यानंतर दिसते, मग ती आम्हाला कशी बांधील, असा व्हेरिओचा युक्तिवाद होता. त्यावर निकालपत्रात एक छान दृष्टांत आहे. रस्त्याकडेला फळांची गाडी आहे. एकानं सफरचंद उचलून खाल्लं आणि जाताना त्याला किमतीची पाटी दिसली. पहिल्या दिवशी तो म्हणू शकेल की मला माहीत नव्हतं. पण तोच माणूस रोज येऊन सफरचंद खाऊ लागला आणि रोज तेच म्हणू लागला, तर कोण ऐकून घेईल?

दृष्टांत पटणारा आहे. पण त्या खटल्यात भांडत होते ते दोन व्यापारी. सफरचंद पक्षकार नव्हतं. ज्यांचे फोन नंबर उचलले गेले त्यांचा हक्क काय, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

तो प्रश्न युरोपनं विचारला. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षणाचा आदेश १९९५ चा. त्याचं मूळ सूत्र सोपं आहे. माणसाची माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, आणि कामापुरतीच घ्यायची. २००३ साली युरोपातल्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांच्या गटानं या यादीबद्दल आपलं मत लेखी दिलं. बिघाड झाला तर माणूस सापडावा हा हेतू ठीक, पण त्यासाठी घरचा पत्ता साऱ्या जगाला दाखवायची गरज नाही, असा त्याचा आशय. आयकॅनमध्ये समित्या बसल्या. यादीचा हेतू अरुंद ठेवावा, असं २००६ साली तिच्या एका मंडळानं बहुमतानं ठरवलं. मालकाच्या पत्त्याऐवजी त्यानं नेमलेल्या एका मध्यस्थाचा संपर्क दाखवावा, अशी तडजोड पुढे आली. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या बैठकीत ती फेटाळली गेली. ही सक्तीच उठवून टाका, हा ठरावही पडला. सगळे ठराव पडले की जे आहे ते चालू राहतं. तसंच झालं.

अडून कोण बसलं होतं? त्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नव्हती. बड्या कंपन्यांना आपल्या नावाशी मिळतीजुळती नावं घेणाऱ्यांना गाठायचं होतं. पोलिसांना फसवणूक करणारे हवे होते. आणि संगणक-सुरक्षेचं काम करणारे काही लोक या यादीचा असा उपयोग करत, जो फाइनलरबाईंनाही सुचला नसता. बँकेची नक्कल करणारं एक बनावट संकेतस्थळ सापडलं की त्याच्यामागचा फोन नंबर पाहायचा. खोटं नाव दिलेलं असलं तरी तोच नंबर किंवा तोच ई-मेल आणखी वीस-पंचवीस नावांमागे सापडे. चोर नाव बदलतो, पण दरवेळी फोन बदलायचा कंटाळा करतो. एका धाग्यावरून सगळी टोळी उलगडे. यात वाचलेला पैसा कोणाचा होता? तुमच्या-माझ्यासारख्यांचा.

२०१२ साली आयकॅनच्याच सुरक्षा समितीनं या भांडणावर एक टिपण लिहिलं. त्याच्या शीर्षकात आंधळे आणि हत्ती आहेत. आपल्याकडची बालवाडीतली गोष्ट थेट कॅलिफोर्नियाला पोचली! मौलाना रूमींच्या 'मसनवी'त या गोष्टीचं थोडं वेगळं रूप आहे. तिथे माणसं आंधळी नाहीत. घर अंधारं आहे. हिंदुस्थानातून आणलेला हत्ती अंधारात बांधलाय आणि लोक चाचपडून तो खांब आहे की पंखा हे ठरवताहेत. कोणाच्या हाती एक मेणबत्ती असती तर भांडण मिटलं असतं. समितीनं मागितली ती ही मेणबत्तीच. आधी सांगा, ही माहिती गोळा करायची कशासाठी? तिचा हेतू ठरल्याशिवाय ती कोणाला दाखवायची हे ठरणार कसं? तीस वर्षं यादी चालली होती आणि हा पहिला प्रश्न अजून अनुत्तरित होता.

तोवर लोकांनी आपापले मार्ग काढले होते. पहिला मार्ग खोटं बोलण्याचा. आयकॅननं करवून घेतलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१० साली आले. जेमतेम २३ टक्के नोंदी सगळ्या कसोट्यांवर पूर्ण खऱ्या ठरल्या. दुसरा मार्ग पैशाचा. २००२ च्या सुमारास अमेरिकेत झाकणाची सेवा निघाली. तुमच्या नावाऐवजी यादीत त्या कंपनीचं नाव-पत्ता दिसणार, त्याचे वेगळे पैसे. म्हणजे तुमचा पत्ता जगाला दाखवणं फुकट आणि झाकणं विकत! आमच्या एका कवी-मित्रानं आपल्या कवितांसाठी नाव घेतलं, झाकण काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून संकेतस्थळ बांधून देणारे, बोधचिन्ह काढून देणारे, कर्ज देणारे यांचे फोन सुरू झाले. कवितेला वाचक मिळायच्या आत नंबराला गिऱ्हाइकं मिळाली.

हसण्यासारखं आहे, पण सगळ्यांच्या वाट्याला नुसते फोन येत नाहीत. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दुसऱ्या गावी राहणारी आणि घरबसल्या वस्तू विकणारी बाई. आपल्याच जमातीतल्या एखाद्या रूढीविरुद्ध लिहिणारा तरुण. वाळूमाफियाची छायाचित्रं मांडणारा तालुक्याचा वार्ताहर. यांच्या घराचा पत्ता एका टिचकीवर मिळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. २०१५ साली, व्यवहार करणाऱ्या संकेतस्थळांना झाकणाची सेवा देऊच नये असा विचार आयकॅनपुढे आला, तेव्हा हजारो लोकांनी हरकती पाठवल्या. त्यांत छळ सोसलेल्या बायकांच्या बाजूनं बोलणाऱ्या संघटना होत्या. दार उघडं ठेवायला सांगणाऱ्यांना त्या विचारत होत्या की आत कोण राहतं, हे तरी पाहिलंत का?

आम्हा कविमंडळींना झाकलेल्या नावाचं अप्रूप नाही. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, कुसुमाग्रज ही सारी घेतलेली नावं. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल अमर शेख म्हणून महाराष्ट्रभर गाजले. टोपणनाव म्हणजे लबाडी, असं मराठी वाचकाला कधी वाटलं नाही. पण पुस्तक छापलं की मुद्रकाचं नाव आत छापलेलं असायचंच. म्हणजे लिहिणाऱ्याला पडदा आणि जबाबदारीला पत्ता, ही दोन्ही एकाच पुस्तकात नांदत आली आहेत.

२५ मे २०१८ ला या वादाला अचानक वळण मिळालं. युरोपचा नवा माहिती-संरक्षण कायदा त्या दिवशी लागू झाला. आधीच्या आदेशाला दात नव्हते, याला होते. दंड दोन कोटी युरोपर्यंत किंवा जगभरच्या उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत, यांतला जो मोठा तो. जे काम पंधरा वर्षांच्या समित्यांना जमलं नाही ते दंडाच्या भीतीनं आठ दिवसांत झालं. १७ मे ला आयकॅननं तात्पुरता नियम काढला आणि यादीतली बहुतेक माणसांची नावं, पत्ते, फोन झाकले गेले.

त्याच दिवशी, २५ मे ला, आयकॅन जर्मनीतल्या बॉनच्या न्यायालयात गेली. एका जर्मन रजिस्ट्रारनं सांगितलं होतं की नाव घेणाऱ्याची माहिती आम्ही घेऊ, पण कारभारी आणि तांत्रिक संपर्काची वेगळी माहिती यापुढे घेणारच नाही, कारण ती लागत नाही. ती घ्यायला लावा, अशी आयकॅनची मागणी. न्यायालयानं ती आठवड्याच्या आत फेटाळली. ही जादा माहिती कशासाठी हवी, ते तुम्ही पटवून दिलेलं नाही, असा निकालाचा रोख. कोलोनच्या वरच्या न्यायालयानंही ऑगस्टमध्ये आयकॅनला दाद दिली नाही. हत्तीच्या घरातला तोच जुना प्रश्न, कशासाठी? आता तो न्यायाधीश विचारत होते.

मग सगळं सुरळीत झालं का? नाही. लंबक दुसऱ्या टोकाला गेला. युरोपचा कायदा माणसांच्या माहितीचं रक्षण करतो, कंपन्यांच्या नाही. पण रजिस्ट्रार कोट्यवधी नोंदींतून माणूस कोणता आणि कंपनी कोणती हे निवडत कशाला बसतील? त्यांनी सरसकट पडदा ओढला. पडद्याआड विधवा गेली आणि भामटाही गेला. मार्च २०२० मध्ये फेसबुकनं नेमचीप या रजिस्ट्रारवर अमेरिकेत दावा लावला, कारण इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांच्याशी मिळतीजुळती नावं घेणारे कोण, हे ती कंपनी सांगत नव्हती. आपल्याकडे डाबर कंपनीच्या नावाची बनावट संकेतस्थळं काढून, एजन्सी देतो म्हणून लोकांकडून पैसे उकळल्याचं प्रकरण २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलं. तिथेही झाकलेल्या नावांचा प्रश्न निघाला. एजन्सीसाठी पैसे भरणारा हा कोणी बडा माणूस नसतो. गावातलं दुकान वाढवायला निघालेला, बायकोचे दागिने गहाण टाकणारा माणूस असतो. त्याला 'हा कोण?' असं विचारायचा हक्क नाही, असं कोण म्हणेल?

नोव्हेंबर २०२३ मध्ये आयकॅननं माहिती मागण्यासाठी एक खिडकी उघडली. पोलीस, वकील, संशोधक यांनी कारण सांगून अर्ज करायचा, तो रजिस्ट्रारकडे जातो, द्यायचं की नाही हे रजिस्ट्रार ठरवतो. युरोपनंही २०२२ च्या एका नव्या आदेशात तोल सावरायचा प्रयत्न केला. नोंदी खऱ्या ठेवा, कंपन्यांची माहिती उघडी करा, योग्य कारणानं मागणाऱ्याला ७२ तासांत उत्तर द्या. आणि २८ जानेवारी २०२५ ला 'हू इज' चालू ठेवण्याची सक्ती डॉट कॉमसारख्या नावांपुरती संपली. तिची जागा घेणाऱ्या नव्या पद्धतीत कोणाला किती दाखवायचं, याचे थर ठरवता येतात. फाइनलरबाईंच्या कचेरीतल्या त्या साध्या फळ्याचं आयुष्य ४२ वर्षं भरलं.

आपल्या डॉट इनचा प्रवास वेगळा आहे. सुरुवातीला ही नावं मुंबईत जुहूला असलेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात नोंदली जात. नियम कडक होते, १९९२ ते २००४ या काळात जेमतेम सात हजार नावं दिली गेली. जानेवारी २००५ पासून निक्सी या संस्थेनं ती सगळ्यांना खुली केली. २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' नावही घेता येऊ लागलं, म्हणजे पाटी मराठीत लिहायची सोय झाली. डॉट इनच्या नावांना मात्र झाकणाच्या सेवेची परवानगी दिली गेली नाही. अमेरिकेच्या डॉट यूएसनंही २००५ साली तेच केलं. देशाच्या नावाखाली बोलणाऱ्यानं नाव सांगून बोलावं, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचे आहेत. म्हणजे हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे.

मला यावर उत्तर सापडतं ते एका जुन्या शब्दात. मराठीतली 'अनामत' म्हणजे मूळ अरबी 'अमानत'. विश्वासानं सोपवलेली ठेव. ठेव सांभाळणारा तिचा मालक नसतो. त्यानं ती विकायची नसते, व्हेरिओसारख्या कोणी उचलून नेली तर बघत बसायचं नसतं. आणि ठेवीबद्दल खरा दावेदार आला तर 'माझ्या तिजोरीत काय आहे ते सांगणार नाही' असंही म्हणायचं नसतं. नाव-पत्ता ही रजिस्ट्रारकडची अनामत आहे. मालक तो, ज्याचं नाव.

हे मानलं की नियम फार अवघड राहत नाहीत. जो विकतो त्यानं पाटी लावावी. २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनी ई-व्यापार करणाऱ्यांना आपलं नाव-पत्ता संकेतस्थळावर द्यायला सांगितलंच आहे, तेच तत्त्व नोंदणीलाही लावता येईल. जो नुसता बोलतो, लिहितो, गातो, त्याला पडदा असावा आणि त्याचे पैसे पडू नयेत. पडद्याआडची नोंद मात्र खरी असावी. फसवल्या गेलेल्या माणसाला ती मिळवण्याचा रस्ता असावा, त्याला मोठ्या कंपनीएवढे वकील लावावे लागू नयेत. आणि पोलीस असोत की व्यापारी, कोणी कधी कोणत्या कारणानं विचारलं, याची नोंद राहावी. तपासाला धक्का लागणार नसेल तर ज्याचं नाव त्याला ती कळावी.

या शेवटच्या अटीवर माझा सगळ्यात जास्त भर आहे. चाळीसहून अधिक वर्षं ही व्यवस्था एकाच बाजूनं 'हा कोण?' असं विचारत आली. ज्याचं नाव आहे, त्यालाही उलट विचारता आलं पाहिजे: माझ्याबद्दल विचारणारा हा कोण?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)